मदत हवी आहे: उपचारानंतरही शेळीच्या कासेत पुन्हा दगडी (कासदाह, म्हणजे कासेची सूज)

नमस्कार. मोहोळ तालुक्यात आमचा उस्मानाबादी शेळ्यांचा लहान गोठा आहे. करडांना पाजून उरलेले दूध घरी आणि ओळखीच्या काही कुटुंबांत जाते. पावसाळ्यात व्यालेल्या एका शेळीच्या डाव्या सडाच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढल्या, तेव्हा पाणचट दुधात बारीक गुठळ्या दिसल्या. कासेची ती बाजू गरम व कडक लागत होती आणि करडू तोंड लावताच शेळी पाय झाडत होती. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने इंजेक्शने व सडात सोडायच्या ट्यूबचा कोर्स पूर्ण केला, सूजही उतरली. परंतु काही आठवड्यांत त्याच बाजूला पुन्हा गाठी लागू लागल्या आहेत.

कास थंड व निळसर पडली तर क्षणाचाही विलंब करायचा नाही, हे ठाऊक आहे. तसे काही झालेले नाही. औषधाचा अंश उतरेपर्यंतचे दूध कोणालाही देत नाही. सध्या निरोगी शेळ्यांची धार आधी आणि या शेळीची सर्वांत शेवटी काढतो, प्रत्येक शेळीसाठी कोरडे वेगळे फडके वापरतो, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो आणि सडाचे तोंड मिटेपर्यंत शेळीने बसू नये म्हणून लगेच समोर वैरण टाकतो.

माझी खरी अडचण छुप्या, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या कासदाहाची आहे. शेळीच्या दुधात पेशी मुळातच गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात आणि दूध आटत आल्यावर त्या आणखी वाढतात, त्यामुळे सीएमटी चाचणीत (दुधात द्रावण मिसळतात; पेशी जास्त असतील तर ते घट्ट होते) मिश्रण थोडे घट्ट झाले म्हणून लगेच आजार मानता येत नाही. आपण दोन्ही सडांच्या निकालांतील फरकावरून ठरवता का, आणि किती फरक दिसल्यावर दूध प्रयोगशाळेत पाठवता? पुन्हा प्रतिजैविक सुरू करण्याआधी जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध लागू पडते हे तपासून घ्यावे असे मला वाटते. सोलापूर परिसरात हा नमुना कोठे स्वीकारतात?

करडे अजून पीत असल्यामुळे आजारी बाजू त्यांच्यापासून कशी राखावी, हेही कृपया सांगावे. तसेच भाकड काळात सडात औषध भरण्याचा उपाय कोणी शेळ्यांवर केला असेल तर परिणाम कळवावा; बहुतेक ट्यूब गाईंच्या मापाच्या असतात आणि शेळीच्या सडाचे छिद्र नाजूक असते, म्हणून आपला अनुभव शेळ्यांचा आहे की गाई-म्हशींचा, हे उत्तरात आवर्जून लिहावे.