मधुचंद्र समुद्रकाठी, पण निवांत: टप्प्याटप्प्याच्या प्रवासाचे अनुभव सांगा

जानेवारीच्या शेवटी लग्न आहे. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, मग जेजुरी, मग तिच्या माहेरी मांडवपरतणी. एवढं सगळं उरकलं की आठवडाभर कुठेतरी समुद्रकाठी पडून राहायचंय. दोघांची अट एकच: सकाळी सहाचा गजर लावायचा नाही. एकाच हॉटेलात आठवडा काढायचा मात्र कंटाळा येईल, म्हणून तीन-चार ठिकाणी थोडं थोडं राहावं असं डोक्यात आहे. अंदमान जवळजवळ ठरलंय. एजंटने पाठवलेल्या आराखड्यात रोज 'पिकअप' आहे, एके दिवशी तर पहाटे साडेतीनला. हा मधुचंद्र आहे की एनसीसीचा कॅम्प?

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी मुक्काम कसे लावले, काय गाळलं, काय आवडलं ते लिहा. अंदमानच हवं असं नाही. श्रीलंका, कोकण, गोवा, काहीही चालेल. हॉटेलांच्या जाहिराती तेवढ्या नकोत.

नाशिककर

अंदमानला मुक्काम तीनच ठेवा: हॅवलॉक आणि नील ही बेटं आणि शेवटी पोर्ट ब्लेअर. मुक्काम हलवायचा म्हणजे नाश्ता घाईत, खोली सोडा, जेट्टीवर तासभर आधी पोचा, बॅगांना चिठ्ठ्या लावा, फेरीत बसा, उतरल्यावर रिक्षा शोधा, आणि नवी खोली दुपारशिवाय ताब्यात मिळत नाही. फेरी दीड-दोन तासांचीच असली तरी तो दिवस गेला म्हणून समजा. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने आठवड्यात पाच हॉटेलं केली. त्यांच्या फोटोंत बॅगाच जास्त दिसतात.

दुसरं म्हणजे क्रम. बहुतेक पॅकेजं सुरुवातीचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरला अडकवून ठेवतात. आम्ही उलटं केलं. सकाळचं विमान, दुपारची फेरी, संध्याकाळी थेट हॅवलॉक. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, आणि त्या दिवशी तुम्ही बेटावर असाल तर परतीचं विमान चुकतं. पोर्ट ब्लेअरची रात्र शेवटी ठेवली की तेवढी सवड हाताशी राहते. येताना विमान लेट झालं तर फेरी चुकायची भीती असतेच, म्हणून दोन्हींत तीनेक तासांचं अंतर ठेवा.

हॅवलॉकला बहुतेक हॉटेलं बीच नंबर तीन आणि पाचवर आहेत. फोटोत खोली पाण्याला खेटून दिसते, पण पूर्वेचा हा किनारा उथळ. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि खाली उघडा पडतो तो खडक आणि मेलेलं प्रवाळ. सकाळी चहा घेत बघत बसायला छान, पोहायला नाही. पोहायला राधानगर, म्हणजे सात नंबर. तो पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. 2004 मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, तेव्हापासून गर्दी आहे. पण किनारा एवढा लांब की पाच मिनिटं चाललं तरी माणूस संपतो. मागचं उंच झाडांचं जंगल थेट वाळूपर्यंत उतरलेलं आहे, त्यामुळे दुपारीही सावली मिळते. आम्ही भाड्याची स्कूटर घेऊन रोज तिथेच जायचो. एलिफंट बीच गाळला, पश्चात्ताप नाही.

पेठेतली सून

नाशिककरांशी सहमत, पण हॅवलॉकला स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, गाळू नका. मला पोहता येत नाही, तरी उतरले. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात आणि हाताच्या खुणा सांगतात. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'मस्त' म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आमच्या ह्यांना खाली मोठा पोपट मासा दिसला, त्यांनी आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक त्यांना मुकाट्याने वर घेऊन आला!

आता कोणी न सांगितलेली गोष्ट. काचेचा चुडा घालून वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख, चढत नाही. सासूबाईंनी सव्वा महिना चुडा उतरवायचा नाही असं बजावलेलं. शेवटी किनाऱ्यावरूनच त्यांना फोन लावला. पलीकडे दोन क्षण शांतता, मग म्हणाल्या, "एकेक ठेव हातात, बाकीच्या साबण लावून काढ, आणि फोडू नकोस." त्या एकेक हिरव्या बांगडीवर वेटसूटची बाही ओढली. मंगळसूत्र खोलीतल्या लॉकरमध्ये.

फॉर्मवर दमा, कानाचं दुखणं, सर्दी जे असेल ते खरं लिहा. नाक चोंदलेलं असेल तर कान मोकळे होत नाहीत, खाली जाताना ते भयंकर दुखतात. आणि स्कूबा नि विमान यांत किमान 18 तास हवेत. बरेच जण 24 सांगतात. म्हणजे स्कूबा पहिल्या मुक्कामात, शेवटी नाही.

तिकिटं नवरीच्या माहेरच्या नावानेच काढा, आधारवर जे आहे तेच. आमच्या नात्यातल्या एका काकांनी हौसेने लग्नानंतरचं नाव घालून तिकिटं आहेर म्हणून दिली होती. विमानतळावर त्या हौसेचं काय झालं ते विचारू नका.

गिरगावकर

सगळे आराम-आराम करताय म्हणून उलटी बाजू मांडतो. एवढं लांब जायचं, कोलकाता नाहीतर चेन्नईत विमान बदलायचं, आणि तिथे जाऊन झोपा काढायच्या? आम्ही बाराटांग बेटही केलं. पहाटे निघालो, खारफुटीच्या बोगद्यातून होडी गेली, चुनखडीच्या गुहा पाहिल्या. बायकोला समुद्रापेक्षा तेच जास्त आवडलं.

आणि सेल्युलर जेल अर्ध्या तासात उरकू नका. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं ते बांधत होते. मूळच्या सात कक्षांतले आज तीनच उभे आहेत. प्रत्येक कोठडीचं दार पुढच्या कक्षाच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसूच नये. कोठडीच्या कडीचा अडसर भिंतीतल्या खोबणीत जातो, आतून हात घालून पोचत नाही. ते स्वतः हात घालून बघा. सावरकर 1911 मध्ये इथे आले. त्यांच्या कोठडीपाशी मराठी माणसं हमखास भेटतात आणि सगळी हळू आवाजात बोलतात. मधुचंद्राला तुरुंग कशाला, असं मेव्हणा म्हणाला होता. आम्ही दोघं तिथून निघून रात्री उशिरापर्यंत त्यावरच बोलत होतो. लग्नाआधी आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

नेव्हीवाली

नवऱ्याच्या नोकरीमुळे पोर्ट ब्लेअरला संसार केलाय, म्हणून थोडं.

गिरगावकर, बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटोला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं. गुहा सुंदर आहेत, मान्य. पण गाडीच्या काचेला नाक लावून माणसं शोधणारे पर्यटक मी पाहिलेत, म्हणून मी कोणाला सुचवत नाही. ज्यांना पहाटे उठायचंच नाही त्यांचा तर प्रश्नच मिटला.

गजराचं म्हणाल तर, तिथला सूर्य आपल्या घड्याळाचं ऐकत नाही. बेटं पार पूर्वेला, 92 अंश रेखांशाच्याही पलीकडे आणि घड्याळ सगळ्या देशाचं एकच. जानेवारीअखेर पावणेसहाला उजाडतं, संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, सहाला मिट्ट काळोख. 'चारला निघू, सूर्यास्त बघू' असा मुंबईचा हिशोब केलात तर राधानगरला पार्किंगमध्येच सूर्यास्त बघाल. तीनला वाळूवर हवं. दिवस दोन तास अलीकडे ओढायचा: जेवण साडेअकरा-बाराला, रात्री नऊला झोप. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

नावांचा गोंधळ होतो. 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. तिकिटावर नवी दिसली तर घाबरू नका.

समुद्र जानेवारीअखेर ते एप्रिल बऱ्यापैकी शांत असतो. मे मध्यापासून पाऊस. फेरीत मळमळत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून नेट बरंच सुधारलंय, तरी बेटांवर रोख पैसे जवळ असू द्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यामुळे जिथे इशाऱ्याची पाटी आहे तिथे पाण्यात पाय नाही. प्रवाळ उचलायचं नाही, शंखशिंपलेही वाळूवरच राहू द्या. विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

कोथरूडकरीण

आम्ही अंदमान सोडून श्रीलंका केली, कारण टप्पे आगगाडीने जोडता आले. कोलंबो फोर्टहून गॉलला जाणारी गाडी बराच वेळ समुद्राला खेटून जाते. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला. दारं उघडीच असतात, भजीवाला येतो, लाटेचा तुषार डब्यात येतो की काय असं वाटतं. गॉलच्या डच किल्ल्यात राहिलो, मग मिरिसा, मग तंगल्ला. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसतशी गर्दी कमी होत जाते. म्हणून सगळ्यात निवांत जागा शेवटी ठेवली आणि तिथेच सगळ्यात जास्त राहिलो.

ऋतू मात्र नीट बघा. दक्षिण आणि पश्चिम किनारा डिसेंबर ते मार्च. पूर्वेकडचं त्रिंकोमाली वगैरे मे ते सप्टेंबर. एकाच प्रवासात दोन्ही किनारे करू नका, एकीकडे तरी समुद्र खवळलेला असणार. खाणं आपल्याला जवळचं: भात, पाच-सहा भाज्या, नारळाचं तिखट सांबोल. सकाळचे आप्पे म्हणून जे देतात ते आपले आप्पे नव्हेत, वाटीच्या आकाराची जाळीदार घावनं. मी तीच खाऊन राहिले.

मालवणी माणूस

एवढी विमानं कित्याक? कोकण रेल्वेनेच चार मुक्काम होतात. कुडाळला उतरा, तारकर्ली-देवबाग. तिथून वेंगुर्ला-शिरोडा. मग सावंतवाडीहून गाडी पकडून काणकोण, आगोंदच्या किनाऱ्यावर. अजून हौस असेल तर पुढे गोकर्ण रोड. दोन मुक्कामांमध्ये दोन-तीन तासांपेक्षा जास्त प्रवास नाही, आणि एखादा मुक्काम आवडला तर पुढचा रद्द करून तिथेच राहता येतं. फेरीच्या तिकिटाची कटकट नाही.

तारकर्लीला शनिवार-रविवार जाऊ नका, बोटींचा गोंगाट असतो. मंगळवारी जा. देवबागला कर्ली खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, घरं त्या पट्टीवर. घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं लागतं, कारण बाजारात काय आलंय त्यावर जेवण ठरतं. काकींनी "आज तिसऱ्याच मिळाल्या" असं म्हटलं तर हुज्जत घालू नका, तिसऱ्यांचं सुकं खाऊन मग बोला. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्यासाठी डिसेंबरात. तारीख लिहून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर हेच तीन ठेवतोय, एजंटला नमस्कार. दोन शंका. ती पक्की शाकाहारी आहे, बेटांवर हाल होतील का? आणि नीलला दोन रात्री पुरेत का?

नेव्हीवाली

हाल होणार नाहीत. नील भाजीपाल्याचं बेट आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं तिथे शेती करतात. बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, वांगं, भोपळा ताजा मिळतो. फक्त 'व्हेज' एवढंच म्हणू नका, 'माछ नाही, डिम नाही' (मासे नकोत, अंडं नको) असं स्पष्ट सांगा, आणि डाळीत माशाचं डोकं घालतात का तेही विचारा. बंगाल्यांच्यात तो पदार्थ मोठ्या आवडीचा.

दोन रात्री पुरतात, तीन असतील तर उत्तम. बेट इतकं छोटं की सायकलवर होतं. नैसर्गिक पूल म्हणतात तो दगडी कमानीचा भाग ओहोटीलाच बघता येतो, खडकांतल्या डबक्यांतून चालत जावं लागतं, तेव्हा रबरी चपला हव्यात. ओहोटीची वेळ हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचारा, ती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. सूर्यास्ताला लक्ष्मणपूरचा किनारा, पोहायला भरतपूरचा, तेही भरती असताना. फेरीची तिकिटं मात्र आत्ताच काढा, खोल्या नंतर मिळतात.