मदत हवी आहे: ओरेगनचे थंडरएग, रस्ता आणि करवत

मंडळी, पूर्व ओरेगनमध्ये दगड गोळा करत फिरलेलं कोणी आहे का इथे?

मी शेजारच्या आयडाहो राज्यात, बॉइसीला असतो. सप्टेंबरात सक्कर क्रीकला थंडरएगसाठी (बाहेरून ओबडधोबड, आत रंगीत दगड भरलेले गोळे) आणि ग्रेव्हयार्ड पॉइंटला प्लूम अगेटसाठी (अगेट म्हणजे अकीक) जायचा बेत आहे. (पिसासारख्या नक्षीचा तो अगेट मला थंडरएगहूनही जास्त आवडतो.) साधी सेडान चालेल का, की उंच गाडीच हवी? आणि सक्कर क्रीकच्या सरकारी हद्दीत किती दगड उचलू देतात?

दुसरा प्रश्न कापण्याचा. ओचोको जंगलातल्या व्हाइट फर स्प्रिंगचे काही थंडरएग घरी आहेत. बाहेर रायोलाइट या ज्वालामुखी खडकाचं कवच, आत जास्पर (अपारदर्शक रंगीत दगड) की अगेट ते कापल्याशिवाय कळत नाही. वरून सगळे बटाटेच. कवचावरच्या कंगोऱ्यांवरून काप कुठे घ्यायचा हे ठरवता येतं का? माझ्याकडे पाण्यावर चालणारी फरशी कापायची करवत आहे. तिचं डायमंड ब्लेड टिकेल का? हातोडीने फोडा, असं कृपया सांगू नका!

आपल्याकडचे बेसॉल्टच्या पोकळ्यांतले अगेटही संग्रहात आहेत. दगडावर ठिकाण लिहायला तुम्ही काय वापरता? मार्कर पुसला जातो.