स्पर्शाच्या खुणांनी चालणारा संवाद: चित्रीकरण आणि नोंदी कशा कराव्यात?

अन्वय_भाषा
एम.ए. (भाषाविज्ञान) प्रबंधासाठी बधिरांध व्यक्तींचा स्पर्शाने चालणारा खुणांचा संवाद घेतला आहे. भारतीय सांकेतिक भाषा (आयएसएल) लहानपणापासून येणाऱ्या आणि अशर सिंड्रोममुळे पुढे नजर गेलेल्या प्रौढांच्या गप्पा चित्रित करायच्या आहेत. दोन कॅमेरे आहेत, प्रत्येकाच्या चेहऱ्यासमोर एकेक लावायचा बेत आहे. पण चाचणीत ऐकणाऱ्याच्या (म्हणजे हाताने खुणा वाचणाऱ्याच्या) हातांनी बोलणाऱ्याचे (खुणा करणाऱ्याचे) हात झाकले जातात आणि खूण ओळखू येत नाही. मांडणी कशी असावी? ईलानमध्ये (व्हिडिओवर वेळेनुसार नोंदी करायचं सॉफ्टवेअर) नोंदींचे थर किती करावेत? प्रश्न विचारला गेला, बोलण्याची पाळी बदलली, हे कशावरून ओळखायचं?

करपल्लवी
चेहऱ्यासमोरचे कॅमेरे इथे सर्वांत कमी कामाचे. एक कॅमेरा दोघांच्या हातांच्या बरोबर वर, खाली तोंड करून लावा. बाकीचे दोन दोघांच्या खांद्यांमागून तिरके. तिसऱ्याची सोय होतच नसेल तर एक वरून आणि एक बाजूने ठेवा, पण वरचा सोडू नका. फ्रेम सेकंदाला ५०, कारण बोटांची थाप क्षणार्धात होऊन जाते. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शटर १/१०० ठेवा, म्हणजे चित्रात पट्टे येत नाहीत. सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा, जुळवणी त्यावरून करता येते.

थर माणसागणिक नाही, हातागणिक करा: चार हात, चार थर. शिवाय एकमेकांना टेकलेल्या हातांच्या प्रत्येक जोडीसाठी ‘कोणाचा हात वर, कोणाचा खाली’ असा वेगळा थर. हा थर नसेल तर बाकीच्या नोंदींचा अर्थच लागत नाही. स्वीडिश सांकेतिक भाषेच्या स्पर्शरूपावर योहाना मेश यांनी स्टॉकहोम विद्यापीठात १९९८ साली प्रबंध केला. त्यात दोन स्थिती दिल्या आहेत. एकभाषण स्थितीत ऐकणाऱ्याचे दोन्ही हात बोलणाऱ्याच्या हातांवर असतात. संवाद स्थितीत प्रत्येकाचा उजवा हात समोरच्याच्या डाव्या हाताखाली असतो, म्हणजे उजवा बोलतो आणि डावा ऐकतो. दोन हातांनी करायच्या खुणेचं या दुसऱ्या स्थितीत काय होतं, हे जोडीगणिक टिपा. कोणी ती एका हातावर भागवतं, कोणी समोरच्याचा हात बरोबर ओढून नेतं. तुमच्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण इथे निघेल.

ऐकणाऱ्याचे हात ‘निष्क्रिय’ म्हणून कधीही नोंदवू नका. बोटांनी हलकी थाप, किंचित दाब, बोलणाऱ्याचीच खूण परत करणं, हात घट्ट धरून थांबवणं: मान डोलावणं, ‘हो का?’, ‘थांब, कळलं नाही’ हे सगळं त्या हातांत असतं. ते गाळलंत तर निम्मा संवाद गेला.

दुभाषी_मुंबई
प्रश्नांबद्दल. डोळ्यांनी पाहायच्या आयएसएलमध्ये हो-नाही प्रश्न मुख्यतः चेहऱ्यावर आणि मानेवर असतो. हाताला तो कळत नाही, त्यामुळे तो हातावर यावा लागतो. मेश यांच्या सामग्रीत शेवटची खूण लांबवणं आणि समोरच्याकडे बोट दाखवणं ही चिन्हं आढळली. अमेरिकन सांकेतिक भाषेच्या स्पर्शरूपात प्रश्नाची वेगळी खूण जोडतात (कॉलिन्स आणि पेट्रोनियो, १९९८). तुमच्या जोड्या काय करतात हे आधी ठरवून टाकू नका. शेवटच्या खुणेची लांबी मोजाच, मात्र विधानांच्या शेवटच्या खुणाही मोजा, नाहीतर तुलना कशाशी करणार? नकाराचंही तसंच: मानेने दिलेला ‘नाही’ हाताखाली हरवतो, हाताचा नकार लागतोच.

आयएसएलची इंग्रजी अक्षरं दोन हातांची आहेत, स्वर पाच बोटांच्या टोकांवर. त्यामुळे खालचा हात ऐकणाऱ्याचाच वापरता येतो. अंगठ्याच्या टोकाला स्पर्श म्हणजे ‘ए’. ब्रिटनमधली बधिरांधांची अंगुलीलिपी याच तत्त्वावर चालते. अशा ठिकाणी ‘बोलणाऱ्याचा हात’ हे खातं अपुरं पडेल. सिएटलमध्ये २००७ पासून वाढलेल्या प्रोटॅक्टाइल या बधिरांधांच्या स्पर्शभाषेत तर ऐकणाऱ्याचा हात, दंड, मांडी हेही भाषेचे अवयव होतात. टेरा एडवर्ड्स आणि डायान ब्रेंटारी यांचा त्यावरचा लेख २०२० चा आहे, तो वाचा.

स्नेहल_विशेषशिक्षण
सहभागी निवडताना जन्मतः बधिरांध व्यक्ती आणि अशरची मंडळी एकत्र करू नका. पहिल्यांची भाषा स्पर्शातूनच घडलेली असते, दुसऱ्यांच्या हातात आधी डोळ्यांनी शिकलेली भाषा असते. एकत्र केलंत तर फरक कशामुळे पडला हे सांगताच येणार नाही. नजर किती उरली आहे हेही लिहा. मधोमध थोडं दिसणारी व्यक्ती उजेडात चेहराही पाहत असते.

बसायची व्यवस्था: गुडघे एकमेकांत येतील इतकं जवळ, कोपरांना टेकू. टेकू नसला की खांदे भरून येतात, खुणा खाली सरकतात, आणि ती थकव्याची घसरण तुम्ही व्याकरण म्हणून नोंदवाल. १५-२० मिनिटांनी विश्रांती द्या. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायला सांगा, बोटांच्या वाचनात त्या मध्ये येतात. कपडे साधे, त्वचेच्या रंगाहून वेगळे असावेत.

संमतिपत्र वाचून दाखवून सही घेणं पुरेसं नाही. चेहरा झाकला तरी हात आणि लकबीवरून माणूस ओळखू येतो, हे स्पर्शाच्या खुणांतूनच समजावून सांगा आणि त्या समजावण्याचंही चित्रीकरण ठेवा. दुभाषी घरचा नको, नाहीतर नकार द्यायला संकोच होतो. खोलीत कोण कोण आहे आणि कॅमेरे कुठे आहेत ते हाताने दाखवा. मधे कोणी आलं-गेलं तर लगेच सांगा.

अन्वय_भाषा
तिसऱ्या कॅमेऱ्याची सोय करतो. सध्या एकच बधिरांध जोडी तयार आहे. बाकी संवाद डोळस दुभाष्यांबरोबर घेतले तर चालतील?

करपल्लवी
वेगळा गट म्हणून चालतील, त्याच गटात नाही. डोळस दुभाषी समोरच्याचा चेहरा पाहतो, मान डोलावलेली टिपतो, त्यामुळे हाताने दिलेला प्रतिसाद कमी होतो. पाळी मागायचे हातही तो नजरेने आधीच ओळखतो. गतीची तुलना करणार असाल तर रीड आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अमेरिकन अभ्यासात स्पर्शाने सेकंदाला सुमारे १.५ खुणा, तर नजरेने सुमारे २.५ असा आकडा आहे. त्यांनी वाक्यं ठरवून दिली होती, तुमच्या मोकळ्या गप्पा आहेत, म्हणून आकडे शेजारी ठेवताना ते लिहा. एका जोडीचे तीन वेगवेगळ्या दिवशीचे संवाद मिळाले तर तेवढ्यावरही चांगला प्रबंध होतो.