लुक्लाचा उतार मुद्दामच आहे

वर कुणीतरी नेपाळमधल्या, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला विमानतळाची तिरकी धावपट्टी म्हणजे बांधकामातली हयगय म्हटलंय. तसं नाही हो. पट्टी जेमतेम ५२७ मीटर आणि उतार साधारण १२ टक्के, म्हणजे एका टोकापासून दुसरं टोक ६० मीटर उंच! विमान चढावर उतरतं, म्हणून वेग आपोआप मरतो; उड्डाण उताराकडे, तिथे वेग फुकटात मिळतो. २८०० मीटरवर हवा विरळ, त्यामुळे तो लागतोच. वरच्या टोकाला सरळ डोंगर, त्यामुळे 'पुन्हा घिरटी घालू' हा प्रकारच नाही. आम्ही उतरलो तेव्हा शेजारच्या काकांनी माझं मनगट असं आवळलं होतं की वळ उठले. आणि हो, दुपारी ढग-वारा येतो, तेव्हा सकाळचंच विमान घ्या.