घरी बनवलेला एलईडी लॅम्प रात्री आपोआप पेटतोय, टच स्विच गंडलाय का?

दिवेलागण:
मंडळी मदत हवीये. प्लायच्या तुकड्यांचा टेबल लॅम्प केलाय, डिझाइन माझंच, त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कोणी नाही. आत १२ व्होल्टची एक मीटर एलईडी पट्टी (१४.४ वॅटची), १२ व्होल्ट २ अँपियरचा दोन पिनांचा अॅडॅप्टर, त्यातून एलएम२५९६ बक मॉड्यूलने ५ व्होल्ट काढून टीटीपी२२३ टच मॉड्यूलला दिलेत आणि त्याचं आउटपुट थेट आयआरएफझेड४४एन मॉसफेटच्या (पट्टी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेटला, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या पिनेला. बी पॅड शॉर्ट केलाय म्हणजे एकदा टच केला की चालू, परत केला की बंद. टच करायला वर पितळेची चकती, तिथून मॉड्यूलपर्यंत २५ सेंमी वायर.

टेबलावर उघडं ठेवून तीन दिवस झकास चाललं. खोक्यात बसवलं आणि वाट लागली. रात्री दोन-दोनदा आपोआप पेटतो, बंद करायला गेलं की कधी बंद होऊन लगेच परत चालू, आणि मॉसफेटला बोट लावलं तर चटका बसतो. मॉड्यूल बदलून झालं, दुसरंही तसंच.

फुकटसल्ला:
सेन्सिटिव्हिटी कमी पडतेय, मॉड्यूलवर रिकामी कपॅसिटरची जागा असते तिथे ३० पिकोफॅरड टाक, टच जोरात पकडेल.

डाखवाला:
उलटं सांगताय राव. तिथे कपॅसिटर टाकला की सेन्सिटिव्हिटी कमी होते, ० ते ५० पिकोफॅरड चालतो, जितका मोठा तितका टच बोथट. पण ह्याच्या केसमध्ये कमीच करायची आहे, म्हणजे उपाय बरोबर आणि कारण चूक 😄

@दिवेलागण, दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. मॉसफेटचं आधी सांगतो कारण ते सोपंय. तुमचा झेड४४ लॉजिक लेव्हलचा (५ व्होल्टच्या सिग्नलवर पूर्ण उघडणारा) नाही, गेटला १० व्होल्ट मिळाले तर पूर्ण उघडतो, ५ वर अर्धवट. पट्टी चालू असताना ड्रेन आणि सोर्सला (मॉसफेटच्या उरलेल्या दोन पिना) मीटर लावा, पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर समजा तीच ऊब. आयआरएलझेड४४एन घ्या, पिना त्याच, मधलं अक्षर तेवढं वेगळं. गेटला १०० ओहमचा आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर टाका.

आता भूत. टेबलावर नीट चाललं आणि खोक्यात नाही, म्हणजे चिप ठीक आहे, आत काय कशाशेजारी आलं ते बघा. आतला फोटो टाका ना, वायर कुठून गेलीये?

रात्रपाळी:
मला तर अॅडॅप्टरवर संशय आहे. दोन पिनांवाल्यांना अर्थिंग नसतं, आउटपुट जमिनीच्या हिशेबात तरंगत असतं, वर आतल्या वाय कपॅसिटरमधून (मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामधला) नॉइज येतो आणि टच चिपला तेच बोट वाटतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक रात्र ठेवून बघा, भूत गेलं तर अॅडॅप्टर.

अजून एक, प्लग लावताना चकतीवर हात ठेवू नका. पॉवर आल्यावर साधारण अर्धा सेकंद ती चिप स्वतःला सेट करते, हात असला तर हातालाच रिकामं समजते आणि मग बोट लावलं तरी ढिम्म.

दिवेलागण:
बॅटरीवर ठेवला (जुन्या यूपीएसची काढली), तरी पहाटे पेटला. म्हणजे अॅडॅप्टर सुटला. फोटो काढायला खोकं उघडलं आणि मलाच लाज वाटली. टचची वायर बक मॉड्यूलच्या कॉइलवरून गेलीये, अक्षरशः टेकलेली, वर उरलेली वायर गुंडाळी करून तिथेच कोंबलीये आणि ती जरा हललीतरी इंडिकेटर लुकलुकतो.

प्लग लावताना हात चकतीवरच असतो माझा, सवय आहे 🤦

डाखवाला:
मिळाला की चोर! एलएम२५९६ दीडशे किलोहर्ट्झवर स्विचिंग करतो आणि तुम्ही अँटेना आणून त्याच्या मांडीवर बसवलात. वायर लांब आणि मोकळी असली की हलल्यावर तिची कपॅसिटन्स (चार्ज धरायची क्षमता, टच चिप तीच बघते) बदलते, ते वेगळंच. मॉड्यूल चकतीच्या बुडाशीच चिकटवा, टचची वायर ४-५ सेंमी बस, लांब करायची तर आउटपुटची करा. आणि टच मॉड्यूलला बक हवाच कशाला, इंडिकेटर धरून काही मिलिअँपियर तर खातं, ७८एल०५ (५ व्होल्टचा छोटा, स्विचिंग न करणारा रेग्युलेटर) पुरेल. मॉड्यूलच्या पॉवरच्या पिनांवरच १०० नॅनोफॅरड आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, बंद होऊन परत चालू होतंय ते बहुतेक पट्टीच्या झटक्यामुळे.

दिवेलागण:
अपडेट. सगळं केलं, फक्त ७८एल०५ नव्हता म्हणून साधा ७८०५ टाकला. चार रात्री झाल्या, एकदाही आपोआप पेटला नाही. ड्रेन-सोर्सला आधी ०.७ व्होल्ट होते, आता मीटरवर ०.०३, मॉसफेट गार.

एकच राहिलंय, टच आता इतका हलका झालाय की चकतीजवळ हात नेला तरी पेटतो, न टेकवता. बायको म्हणते हेच ठेव, छान वाटतं. पण मला २० पिकोफॅरड टाकून बघायचाय.

फुकटसल्ला:
म्हणजे कपॅसिटर शेवटी लागलाच ना 😎