विज्ञान अकादमीचा सल्ला सरकारने नाकारला तर?

प्रश्न: राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा सल्ला सरकारवर बंधनकारक नसेल, तर तिच्या अहवालाचा उपयोग काय?

उत्तर १: अमेरिकेच्या अकादमीला १८६३ च्या सनदेने, कोणत्याही सरकारी खात्याने विचारल्यास तपास करून अहवाल देण्याचे काम सोपवले, खर्च सरकारचा, मात्र मोबदला घ्यायचा नाही. ही अटच मला मोलाची वाटते, कारण निर्णयात ज्याचा आर्थिक स्वार्थ नाही, त्याचे म्हणणे विरोधकही ऐकून घेतात.

उत्तर २: तेवढ्याने विश्वास मिळत नाही. भारतात २०१० मध्ये सहा अकादम्यांनी जनुकीय बदल केलेल्या पिकांवर दिलेल्या अहवालात इतरत्रचा मजकूर जसाच्या तसा आढळला आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीच त्यावर टीका केली.

प्रश्नकर्ता: म्हणजे अहवालाचे वजन तो किती काळजीपूर्वक तयार केला यावर ठरते.

उत्तर १: होय, आणि तो जाहीर होण्यावरही, गोपनीय सल्ला नाकारणे फारच सोपे असते.