'लो कट' की 'हाय पास'? सबवूफर जोडतानाचे शब्द

विचारणा
आमच्या संगीतवर्गाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत यामाहाच्या एचएस५ स्टुडिओ मॉनिटरांना (रेकॉर्डिंग ऐकायच्या स्पीकरांना) एचएस८एस सबवूफर, म्हणजे फक्त अगदी खालचे सूर वाजवणारा स्पीकर, जोडायचा आहे. मुलांसाठी मराठीत सूचना लिहून भिंतीवर लावणार आहे. सबच्या मागे 'लो कट', 'हाय कट' आणि 'फेज' लिहिलंय. व्हिडिओंमध्ये मात्र सगळे 'हाय पास', 'लो पास' म्हणतात. हे वेगळं काही आहे का? आणि 'फेज'ला काय लिहू?

प्रतिसाद
लो कट म्हणजेच हाय पास. एक नाव काय अडवलं यावरून, दुसरं काय पुढे सोडलं यावरून. गोंधळ होतो तो यामुळेच. 'हाय' वाचून वरचे सूर कापले जातील असं वाटतं आणि होतं नेमकं उलट.

आधी आवाजाचा मार्ग बघा. इंटरफेसमधून (कॉम्प्युटरला जोडलेल्या आवाजाच्या डब्यातून) डावी-उजवी केबल सबमध्ये, आणि सबच्या एक्सएलआर आउटपुटमधून मॉनिटरांकडे. सबमार्गे जोडलं तरच 'लो कट'चा मॉनिटरांवर परिणाम होतो. तो मॉनिटरांकडे जाणाऱ्या आवाजातला खालचा भाग काढतो. 'हाय कट' लागतो तो सबच्या स्वतःच्या आवाजाला. दोन्ही ८० ते १२० हर्ट्झमध्ये फिरतात, सुरुवातीला दोन्ही ८०वर ठेवा. लो कटचं चालू-बंद बटण वेगळं आहे. ते बंद राहिलं तर तेच खालचे सूर मॉनिटर आणि सब दोघेही वाजवतात आणि बेस फुगतो.

प्रतिसाद
भिंतीवर 'वरचा आवाज', 'खालचा आवाज' मात्र लिहू नका. आपण 'आवाज वर कर' म्हणतो ते मोठा करायला. 'उंच सूर' आणि 'खर्ज' लिहा, गाणाऱ्या मुलांना लगेच कळेल.

प्रतिसाद
'खर्ज'बद्दल थोडी सावधगिरी हवी. तो गायकाच्या षड्जाप्रमाणे बदलतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ, म्हणजे मंद्र षड्ज ६९.३. त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ८०च्या खाली, सबमध्ये जातो. त्या तारेतून मूळ स्वरासोबतच निघणारे १३८.६, २०८ वगैरे वरचे स्वरांश मॉनिटरमधून येतात. एकच तार दोन स्पीकरांतून वाजते! म्हणून 'सबमधून खर्ज, मॉनिटरमधून बाकीचं' हे अर्धसत्य होईल. '८० हर्ट्झच्या खालचं' असाच आकडा लिहा. सब आणि मॉनिटर यांच्यात आवाज जिथे वाटला जातो त्या सीमेला क्रॉसओव्हर म्हणतात; तो शब्दही तसाच ठेवा, त्याला भाषांतराची गरज नाही.

विचारणा करणाऱ्याचं उत्तर
तानपुऱ्याचं उदाहरण मुलांना करूनच दाखवता येईल, फार उपयोगी. आणि फेज?

प्रतिसाद
विज्ञानाच्या पुस्तकांत फेजला 'कला' म्हणतात. चंद्राची कला तीच ही. शब्द सुंदर आहे, कारण चंद्रासारखीच लहरीची कलाही थोडी-थोडी सरकते. पण तुमच्या सबवरचं बटण काहीच सरकवत नाही. त्याला दोनच जागा, सुलट आणि उलट. ते लहरीतलं अधिक-उणे बदलतं. याला खरं तर ध्रुवता म्हणायला हवं. काही सबवर ० ते १८० अंशांपर्यंत फिरणारं बटण असतं, तिथे 'कला' शोभतो. तुम्ही 'फेज : सुलट / उलट' लिहा.

कुठलं निवडायचं, तर मॉनिटरांमधून आणि सबमधून ८० हर्ट्झचा सूर वाजवा, ऐकायच्या खुर्चीत बसा आणि दुसऱ्याला बटण बदलायला सांगा. जिथे सूर मोठा येतो ते ठेवा. दोन्हीकडे सारखाच वाटला तर सब हलवून बघा. ८० हर्ट्झची तरंगलांबी साधारण ४.३ मीटर; सब मॉनिटरांपेक्षा एक मीटर लांब असला तर केवळ अंतरामुळे सुमारे ८४ अंशांचं कलांतर (फेजमधला फरक) पडतं. त्यावर सुलट-उलट दोन्ही अपुरे.

प्रतिसाद
मुलं विचारतील म्हणून : 'सब' म्हणजे दुय्यम नव्हे, वूफरच्याही खाली उतरणारा. आणि वूफर हे कुत्र्याच्या भुंकण्यावरून, ट्वीटर पक्ष्याच्या चिवचिवाटावरून.

विचारणा करणाऱ्याचं उत्तर
मजकूर असा केला आहे :
इंटरफेस → सब → मॉनिटर.
लो कट चालू, ८० : मॉनिटरांना ८०च्या वरचं.
हाय कट ८० : सबला ८०च्या खालचं.
फेज : सुलट / उलट, ऐकून ठरवा.

प्रतिसाद
उत्तम. सगळ्यात वर एक ओळ घाला : केबल काढ-घाल करण्याआधी सब आणि दोन्ही मॉनिटर बंद करा.